पडद्यावरची वाटी

मुडबी, १२ जानेवारी १९७८

चि. बळीरामास अक्काचा जय भीम.

तुझा सिनेमा पाहिला. मला आवडला नाही.

इतक्या वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि सुरुवातच अशी केली म्हणून तोंड वाकडं करू नकोस. मी शाळेत पोरांच्या वह्या तपासते, गोड बोलायची सवय राहिलेली नाही. पत्ता बसलिंगप्पाने दिला. तो कोहिनूर गावच्या बाजाराजवळ तंबू टॉकीज चालवतो. सिनेमाच्या पेट्या आणायला सोलापूरला गेला, तेव्हा एका लग्नाच्या बँडमध्ये तुला ओळखलं म्हणाला. आम्ही घरची माणसं, आणि तुझा ठावठिकाणा आम्हाला टॉकीजवाल्याने सांगावा.

'मानाची हलगी' लागल्यापासून इकडे माणसांना दुसरं काही सुचत नाही. मादन हिप्परग्यापासून बैलगाड्या येतात. बायका भाकरी बांधून आणतात आणि लागोपाठ दोन्ही खेळ बघूनच उठतात. पेपरात चांगलं लिहून आलं, आमच्या हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सिनेमावर भाषण दिलं, आणि नावं ठेवणारी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच उरले.

आधी एक कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. तू पडद्यावर आलास तेव्हा मी रडले. तुझं तोंड दिसायच्या आधी हात दिसतात आणि मी हातच ओळखले. डाव्या अंगठ्यावर विळा लागल्याची खूण आहे ना, तीसुद्धा केवढी मोठी दिसली. तंबूत कुणीतरी ओरडलं, "आपला बळ्या हाय बे." आणि शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. तेवढा वेळ मला तुझा अभिमान वाटला.

पण सिनेमा खोटा आहे रे. त्या गावातली आपली वस्ती चुन्याने रंगवलेली, दारोदारी फुलझाडं, उपाशी कुणी नाही. म्हातारा मरताना पाटलाला म्हणतो की पुढल्या जन्मीही तुमच्याच दाराशी ठेवा, आणि माझ्या शेजारच्या सुशीलाबाईंनी रडून रडून माझ्याच पदराला नाक पुसलं. म्हाताऱ्याचा शहरात शिकायला गेलेला थोरला मुलगा तेवढा वाईट, कारण त्याने विजार घातली आहे. धाकटा चांगला, कारण तो तोंडातून शब्द काढत नाही. तो धाकटा म्हणजे तू. पूर्ण सिनेमात तुला एक वाक्य दिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?

आणि तो शेवट. पालखीपुढे तू हलगी वाजवतोस, पाटील नारळ फोडतो, अर्धी वाटी तुझ्या ओंजळीत टाकतो, तू ती कपाळाला लावतोस. लोकांनी पडद्यावर नाणी उधळली. आपल्या गावात ती वाटी घेणं म्हणजे काय होतं, हे तुला आठवतं का? दीक्षा घेतली तेव्हा तू लहान होतास. जत्रेत वाटी घेतली की वर्षाचं काम अंगावर आलं. मेलेली जनावरं ओढायची, मयताची खबर गावोगाव पोचवायची, चावडी झाडायची, बोलावलं की जायचं. ज्याने हात पुढे केला त्याचं घर वर्षभर गावाला बांधलं गेलं. अप्पांनी शेवटची वाटी नाकारली तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते.

सोलापुरात एवढी थिएटरं आहेत, बँडातून सवड काढ आणि दुसरं काही बघ. एक कानडी आहे, विणकरांच्या संपाचा. त्यातही हलगी वाजते, पण ती कारखान्याच्या फाटकापुढे, आणि वाजवणारा कुणापुढे वाकत नाही. एक हिंदी आहे, चहाचं दुकान चालवणाऱ्या विधवेचा. तिच्या तोंडी वाक्यं आहेत, आणि काय वाक्यं आहेत. नुसतं हसायचं असेल तर लग्नाच्या वऱ्हाडात शिरलेल्या दोन चोरांचा मराठी सिनेमा बघ. तो बसलिंगप्पाने गेल्या साली आणला होता. अप्पा हसले त्यात. अप्पांना हसताना तू कधी पाहिलं आहेस?

अप्पांना अजून तुझ्या सिनेमाचं कळलेलं नाही. कळू देऊ की नको, ते लिही.

तुझी,
राजूअक्का


मुडबी, ३ फेब्रुवारी १९७८

चि. बळीराम,

कार्ड पोचलं. "अक्का, तुला कलेतलं काय कळतं" असं तू लिहितोस. नसेल कळत. पण पुढचं वाक्य वाचून मी कार्ड उलटं ठेवून दिलं. दिग्दर्शक म्हणाले तुमच्या गावात जसं असतं तसं दाखवा, म्हणून वाटीचं तूच सांगितलंस. शेवट त्यांना सुचत नव्हता, तो तू दिलास.

मला तुझा राग आला आणि मग कीवही आली. तुला वाटीतलं खोबरं आठवत असणार. अप्पा ते आपल्याला वाटून द्यायचे आणि तू माझाही तुकडा पळवायचास. खोबऱ्यानंतर काय यायचं ते तुझ्या वाट्याला आलंच नाही. तू कळता व्हायच्या आत ते सुटलं म्हणून तुला त्याचं गाणं करता आलं. अप्पांनी तुझी हलगी फाडली ती तुला हलगी आवडते म्हणून फाडली असं तू आजवर धरून चाललास, नाही का? हलगीमागून वाटी येते म्हणून फाडली.

आता इथलं ऐक. परवा श्रीपतराव पाटील शाळेच्या ओट्यावर आले. मला बाई म्हणतात, बसायला सांगितल्याशिवाय बसत नाहीत, आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्या बळीरामानं गावाचं नाव काढलं. आमी तर समदे खुश हाव."

मी म्हटलं, बरं आहे.

"म्या काय म्हणायलोय, जत्रंत यंदा शिनेमा गावातच दावू. बसलिंगप्पाशी बोललोय. फुकट. आन् हलगी बी वाजंल म्हणतो पालखीपुढं. लई वर्सं झाली मुकी पालखी."

"आमच्या वस्तीतलं कुणी वाजवणार नाही, पाटील. तुम्हाला ठाऊक आहे."

ते हसले. "कामून असं बोलायलाव? वाटी तर घेतलीय की. समद्या जिल्ह्यानं बघितलीय."

मी म्हटलं, तो सिनेमा आहे, वाटी देणारा पाटील नट आहे, त्याचं गाव कुठलं ते त्यालाही माहीत नसेल. त्यावर त्यांनी टोपी नीट केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पाटील खोटा आसंल बाई. घेणारा तर खराच हाय न्हवं? गुंडेरावाचा पोरगा हाय. हात खरे हायत."

बळीराम, ते वाक्य डोक्यात घेऊनच मी वर्गात गेले. पोरं काय वाचत होती ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोहिनूरला जाऊन बसलिंगप्पाला गाठलं. जत्रेला दुसरं काही आण म्हणून विनवलं. चोरांचा आण, लोक पोट धरून हसतील. पैलवानाचा आण, देवादिकांचा आण, मी स्वतः दारोदार फिरून माणसं गोळा करते. तो बिचारा वाईट माणूस नाही. म्हणाला, "अक्का, मला बी दिसायलंय. ह्या खेळाला टाळ्या येगळ्याच पडायलेत. पन पाटलाच्या रानात माझा तंबू हाय. न्हाई कसं म्हणू, तूच सांग."

तू दिग्दर्शकाला लिही. पेपरात छापून आण की मी नट म्हणून हात पुढे केला, बाकी काही नाही. काहीही कर, पण गप्प बसू नकोस.

अक्का


मुडबी, २६ फेब्रुवारी १९७८

बळीराम,

तुझं उत्तर नाही. लग्नसराई आहे, बँडात सवड नसेल असं मी मनाला समजावते आहे.

गेल्या सोमवारी आपल्या वस्तीच्या तोंडाशी, जिथून आपण पाण्याला जातो तिथे, मेलेला बैल आणून टाकला. दीक्षेनंतर ज्याचं जनावर त्यानेच ओढायचं असं चालत आलं होतं, नवीन पोरांना तर तेच ठाऊक आहे. बैल कुणाचा ते कुणी सांगेना. सकाळी शाळेला जाताना मला लोक रामराम करत होते आणि बैलाकडे बघत नव्हते. ऊन चढलं तशी घाण सुटली. कुत्री आली. आपल्या वस्तीतली कोंडाबाई पाटलाच्या वाड्यावर विचारायला गेली, तर तिला गडी म्हणाला, "काम कुणाचं हाय ते तुमालाच ठावं. वाटी घेतलीय तेंला पुसा."

पिठाच्या गिरणीत आमची डबडी रांगेत मागे सरकवली जातात. नाही कुणी म्हणत नाही, फक्त आमची पाळी येत नाही. शिवी नाही, धमकी नाही. मला शिवीची इतकी वाट बघावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी वस्तीतल्या पोरांनी बैल जागेवरच पुरला. खोल खणायला दिवस गेला. ते खणत असताना पाटलाच्या ओट्यावर माणसं बसून बघत होती. आणि मला आतून कळत होतं की पुरणं म्हणजेसुद्धा त्यांच्या हिशेबात काम केल्यासारखंच झालं.

त्यातून अप्पांना सगळं कळलं. तुझं नाव त्यांच्यापुढे घ्यायला मी घाबरत होते, पण ते चिडले नाहीत. म्हणाले, "मला ने. बघू दे."

मी त्यांना कोहिनूरला नेलं. ते पुढे जमिनीवर बसले, पटका सोडून मांडीवर घेतला. मी बायकांच्या बाजूने त्यांच्या पाठीकडे बघत होते. तुझे हात आले तेव्हा त्यांची पाठ ताठ झाली. सिनेमा संपला, लोक उठले, ते बसूनच होते. गाडीत बसलो, गाव दिसायला लागलं. मग म्हणाले, "हात माजाच हाय त्येचा. म्या शिकिवला न्हाई, बघून शिकला."

बळीराम, त्यांच्या आवाजात कौतुक होतं. हे तुला कळावं म्हणूनच मी हे पत्र लिहिते आहे. सतरा ठिकाणी माझं चुकत असेल, पण हे मी ऐकलं.

मग पटका बांधत म्हणाले, "त्याला लिव. वाजीव म्हणावं, कुटं बी वाजीव. वाटी नगं घेऊ म्हणावं."

अक्का


मुडबी, २० मार्च १९७८

चि. बळीराम,

हे पत्र जीपच्या आधी तुला मिळावं म्हणून रजिस्टर करते आहे.

जीप येणार आहे. श्रीपतराव आणि पंचायतीतले दोघं जत्रेसाठी तुला न्यायला सोलापूरला येणार आहेत. जत्रेत तुझा सत्कार करायचं ठरलं आहे. फेटा, शाल, हार, लाउडस्पीकर. बसवकल्याणहून पुढारी येणार. हेडमास्तरांनी मला मानपत्र लिहायला सांगितलं, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून. मी नाही म्हटलं, तर दुखावल्यासारखं करून म्हणाले, "बाई, भावाचं चांगलं होतंय ते तुम्हालाच बघवंना व्हय."

ते तुझ्या पाया पडतील असं बोलतील. कलाकार म्हणतील. एकदाच वाजवा म्हणतील, गावची इच्छा आहे. सिनेमात वाजवलंत, गावाने काय घोडं मारलं असं म्हणतील. तू विरघळशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला लहानपणापासून कुणी शाबासकी दिली नाही, मीही दिली नाही. पण पालखीपुढे वाजवल्यावर नारळ फुटणारच, आणि फुटला की अर्धी वाटी तुझ्यापुढे येणारच. पडद्यावरची वाटी खोटी होती असं मी अजून भांडून सांगू शकते. ती घेतलीस तर माझ्याकडे सांगायला काही उरणार नाही.

तू सोलापूरला परत जाशील. काम अंगावर येईल ते या घराच्या. या घरात अप्पा आहेत आणि मी आहे.

वस्तीत बैठक झाली. पोरं म्हणतात, बळीराम आला तर वस्तीत पाऊल ठेवू देणार नाही. मी त्यांना म्हटलं, तो नाही म्हणेल, माझा भाऊ आहे. मी तुझ्यातर्फे शब्द दिला आहे. न विचारता दिला.

यायचंच असेल तर जत्रा झाल्यावर ये. एस.टी.ने ये, मी फाट्यावर उभी राहते. आपल्या अंगणात बसून वाजव. अप्पा ऐकतील, तुला वाटतं त्याच्या उलट होईल.

नाही म्हण. एका ओळीचं कार्ड पुरे.

अक्का


मुडबी, २० एप्रिल १९७८, सकाळ

बळीराम,

परवा तू काय केलंस ते तुला माहीत आहे. त्यानंतर काय झालं तेवढं लिहिते.

आधी हलगीबद्दल. मी शाळेच्या ओट्यावर उभी होते. तू जीपमधून उतरलास, फेट्यात चांगला दिसलास. आणि वाजवलंस तेव्हा, खरं सांगते, माझे पाय जमिनीवर ठरेनात. सिनेमात त्याचा चौथा हिस्साही आलेला नाही. आपल्या वस्तीतली बंद दारं किलकिली झाली, कोंडाबाई तर चुलीवरचं सोडून बाहेर आली. अप्पा आत बाजेवर बसून मांडीवर बोटं वाजवत होते, असं मला मागून कळलं.

मग पाटलाने नारळ फोडला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली, नको, नको. तू हसलास. तुला वाटलं अक्का वाहवा करते आहे. आणि ओंजळ पुढे केलीस, कपाळाला लावलीस, अगदी सिनेमात केलंस तशी. माणसं सिनेमातल्यासारखीच ओरडली.

घराकडे तू आला नाहीस. वस्ती चिडली आहे, दगड पडतील, असं तुला जीपमध्ये सांगितलं असेल. बसलिंगप्पाकडे निरोप ठेवलास, "गडबडीत हाय, अक्काला सांगा फुडल्या येळंला येतो." अप्पांनी तुझ्यासाठी ताट झाकून ठेवायला लावलं होतं.

आज सकाळी अप्पा ओट्यावर चहा पीत होते. दीक्षेनंतर त्यांना गावात गुंडेराव म्हणतात, लहान पोरं आजोबा म्हणतात. पाटलाचा सालगडी आला. माझ्याच शाळेत शिकलेला पोरगा, बाई बाई करत माझ्या मागे फिरणारा. दाराशी आला नाही, वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला. तिथूनच हाक मारली. पूर्वी मारायचे तशी. त्याला ती हाक कुणी शिकवली असेल? त्याच्या जन्माआधीची आहे.

"ए गुंड्या. म्हस पडलीय धन्याची. दोरी घिऊन ये."

अप्पा उठले. कपबशी खाली पडली. त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "जी धनी."

त्यांनी ते म्हटलं नाही रे, निघून गेलं. दोन पावलं चाललेही. मग थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तोंडावर हात धरला. ज्या माणसाने अख्ख्या गावासमोर वाटी नाकारली, ज्याने पोटच्या पोराची हलगी फाडली, त्याच्या आत ते 'जी' इतकी वर्षं तसंच बसून होतं. ते तिथे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनाही नसावं.

मी रस्त्यावर गेले आणि ते येणार नाहीत म्हणून सांगितलं. पोरगा मान खाली घालून म्हणाला, "म्या काय करू बाई. वाटी तुमच्याच घरानं घेतलीय. आज आमी ओढताव म्हणं. उद्या सकाळी परत हाक मारायला सांगितलंय. रोज सांगितलंय."

वस्तीतल्या पोरांनी काठ्या काढल्या आहेत. पाटलाच्या वाड्यापुढे जीप उभी आहे आणि बाहेरगावची माणसं उतरली आहेत, ती जत्रेची नाहीत. उद्या हाक आली की पोरं धावणार, आणि ती माणसं त्याचीच वाट बघत बसली आहेत. मी पोरांना उद्यापर्यंत थांबवलं आहे. तुझा शब्द दिला होता तेव्हा ऐकलं, आता माझ्याकडे कुणाचा शब्द नाही. तरी थांबलेत.

अप्पा अजून उंबऱ्यावर आहेत. तोंडावरचा हात काढत नाहीत. चहा दिला, पाणी दिलं, मान हलवतात. हात काढला तर पुन्हा तेच बाहेर येईल अशी त्यांना भीती वाटते, असं मला वाटतं.

टपालावर माझा भरवसा नाही. ही चिठ्ठी सोलापूर गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे, दुपारनंतर तुझ्या बँडच्या दुकानात पोचेल. रात्रीची गाडी उजाडताना फाट्यावर येते. मी तिथे नसेन, अप्पांजवळ असेन. तू चालत ये. पोरं अडवतील, शिव्या देतील, एखादा अंगावर येईल. ऐकून घे आणि पुढे ये.

वाटी तू घेतलीस, तेव्हा ती गावासमोर टाकायचीही तूच. माझ्या तोंडून ते चालत नाही, मी परवापासून बोलून बघितलं. सिनेमात तुला वाक्य नव्हतं. इथे एक आहे, ते तू जुळवून ये.

हाक सकाळी येते. अप्पांनी ओ द्यायच्या आत तू दारात असायला पाहिजेस.

राजूअक्का